इसरूची राहिलेली दोन वर्षं

१९ नोव्हेंबर, मंगळवार

नानाजींनी ही डायरी देऊन आज तेवीस दिवस झाले आणि पहिलं अक्षर आज पडून राह्यलं आहे. खोटं काऊन लिहू? पहिले आठ दिवस पेन नव्हता. पेन घेतला तर धानकापणी लागली. कापणी आटोपली तर वडशाच्या एका नाटक कंपनीला पडदा ओढायला माणूस पाहिजे होता. सहा प्रयोग ओढले. सातव्याला वरची दोरी तुटली आणि मी घरी आलो. दोरीत माझी चूक नव्हती.

नानाजी म्हणजे वरोऱ्याचे रिटायर सुभेदार. गेल्या साली मी तिथल्या जिनिंगमध्ये कामाला होतो तेव्हा त्यांच्या अंगणात पाणी प्यायला जायचो. रिटायर फौजींचे, फौजींच्या विधवांचे कागद ते फुकट लिहून देतात. गेल्या महिन्यात सहज भेटायला गेलो, बोलता बोलता आजीजवळच्या फोटोचं सांगितलं, तर उठून आत गेले आणि ही डायरी आणून दिली. विमा कंपनीची आहे, मागच्या सालची. तारखा खोडून लिहितो आहे. म्हणाले, "हरवलेला माणूस शोधाचा असन तर रोज लिहाव, बाबू. नाईतर तूच हरवशीन."

तर गोष्ट अशी. माझी आजी सोमारी, वय ब्याऐंशीच्या आसपास. तिचा बाप इसरू. आमचं गाव जांभूळटोला, कुरखेड्याहून पुढे जंगलात. इसरू इथून चार कोसांवर खैरटोल्याला मंगरू नावाच्या माणसाच्या घरी लमसेना म्हणून गेला होता. लमसेना म्हणजे ज्या पोरीशी लग्न करायचं तिच्या बापाच्या घरी राहून चार वर्षं राबायचं. वर्षं पुरी झाली की सासरा गावासमोर तसं सांगतो आणि पोरगी त्याची होते. मंगरूच्या पोरीचं नाव सुकरी. इसरूनं दोन वर्षं केली आणि एका मृगात गायब झाला. सुकरी पोटुशी होती. मंगरूनं सगळ्यांना सांगितलं, लमसेना काम टाकून पळाला. सुकरी म्हणायची, पळाला नाही, पलटणीत गेला. तिचं कोणी ऐकलं नाही. पुढे ती पोर घेऊन इसरूच्या आईजवळ, म्हणजे इथे आमच्या गावी, राहायला आली. ती पोर म्हणजे माझी आजी.

आमच्यात मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली आमच्या कुळाची रांग आहे. इसरूच्या बापाचा दगड आहे, भावाचा आहे, मधात जागा रिकामी आहे. पळालेल्या लमसेन्याचा दगड लागत नाही. आजीला आयुष्यभर "अर्ध्या लमसेन्याची पोर" म्हणाले. आता ती म्हणते, या माघात बापाचा दगड लावून द्या, मग मी मरायला मोकळी.

हे काम तिनं मला दिलं. दहावी दोनदा नापास झालेल्या माणसाला. दीपिका, माझी बहीण, म्हणाली, "आजी, याले बाजारातून मीठ आनाले धाडलं तर हा कोंबडा घेऊन येते." हे एकदाच झालं होतं, आणि कोंबडा चांगला होता.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

वरोरा. तीन एसट्या बदलून आलो. फोटो पोह्याच्या पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मधात.

फोटोत तीन फौजी आहेत. मागे पडद्यावर महालाच्या पायऱ्या आणि एक हंस रंगवला आहे. सुकरीनं आजीला सांगितलं होतं, डावीकडचा तुझा बाप. फोटो पोस्टानं आला, मंगरूनं चुलीत टाकायला काढला आणि सुकरीनं उचलून लुगड्यात लपवला. पाठीमागे शिसपेन्सिलीनं एक नंबर आहे.

नानाजींनी भिंग लावून अर्धा तास फोटो पाहिला. चहा थंड झाला, म्हणून त्यांचाबी मीच प्यायलो.

"याचे पाय पाह्य," ते म्हणाले.

"काय हाय पायात?"

"बूट हाये. जनमात पहिल्यांदा घातले त्यानं. बोटं आतमंदी वर करून ठेवलीत, दिसते का? तरी कसा ताठ उभा हाय पाह्य."

मग त्यांनी टोपीचा बिल्ला दाखवला. त्यात फावड्यासारखं काही दिसत होतं. म्हणाले, ही पायोनियर कंपनी. जंगल तोडणं, रस्ता करणं, पूल बांधणं.

मी म्हणालो, "म्हणजे लढाईत नोहोता?"

नानाजींना राग आला. त्यांना राग आला की ते हळू बोलतात. "बाबू, टँक काय हवेतून जाते? तोफ काय पोहून जाते? पह्यले हा मानूस दलदलीत उतरते, लाकडं टाकते, मग बाकीची फौज त्याच्यावरून चालत जाते. मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. अशा लोकायच्या रस्त्यावरून चाललो मी."

 नंतर एकट्यानं फोटो पुन्हा पाहिला. आधी मला ते दोन उजवीकडचे जास्त फौजी वाटायचे, मिशा असल्यामुळे. आता डावीकडचाच वाटतो.

नानाजींनी त्या नंबराची माहिती मागायला फौजेच्या दप्तराला अर्ज लिहिला. आजीचा अंगठा मी कोऱ्या कागदावर आधीच घेऊन आलो होतो, त्यावरून शिव्या खाल्ल्या. कोऱ्या कागदावर कोणाचा अंगठा घ्यायचा नसतो म्हणे. तो कागद त्यांनी फाडला. आता परत जाऊन नवीन आणायचा.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

अंगठा घेऊन पोस्टात टाकायला कुरखेड्याला निघालो होतो, पण वाटेत कळलं की छत्तीसगडकडचे हत्ती पुन्हा आलेत. दोन दिवस त्यांच्या मागे वनखात्याच्या लोकांबरोबर फिरलो. बावीस मोजले. एका पिलानं धानाची पेंढी सोंडेनं उचलून स्वतःच्या डोक्यावर टाकली आणि तसंच चालत गेलं.

अर्ज आज टाकला. खिशात थोडा चुरगळला आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार

खैरटोल्याला गेलो. मंगरूच्या घरी आता लटारू आबा राहतात. मंगरूला एक पोरगा होता, झाडू. म्हणजे सुकरीचा भाऊ. त्या झाडूचा पोरगा लटारू. तसे आजीचे मामेभाऊ लागतात, पण दोन घरांत जाणं-येणं नाही.

आबांनी बस म्हटलं, पण फोटोचं नाव काढताच बिडी पेटवली. "तुह्या आजीले म्हनाव, पळाला तो पळाला. आता ऐंशी वर्षांनी त्याले कुठी शोधतं?"

त्यांची बायको, ठमा आजी, मोठी बोलकी. चिंचा फोडत होती. मला मोहाचे लाडू दिले. चार खाल्ले, दोन खिशात. तिनं विचारलं, सोमारीबाईचे डोळे कसे आहेत, फोटो अजून जपून ठेवला का, दगडाचं कुठवर आलं. मग आपल्या सासऱ्याच्या, झाडूच्या गोष्टी सांगत बसली. म्हणे, "मामंजीनं आगगाडी कधी पाह्यली नाई. कुरखेड्याच्या पुढं पाय नाई ठेवला त्यायनं. शेवटची दोन वर्षं अंथरुनावरच होते, मीच आंग धुवून द्याची. पाठ अशी साफ, जशी नवी पाटी. एक खरचटा नाई." सासऱ्याची पाठ मला कशाला सांगत होती कोण जाणे. म्हातारपणी माणूस काहीही बोलतं.

आबा म्हणाले, "चिंचा फोड तू." ती फोडू लागली.

जाताना ती मला शेताच्या वाटेनं सोडायला आली. नाल्याच्या काठी त्यांचा धानाचा उत्तम तुकडा आहे, पाच एकर, सगळ्या टोल्यात तसा नाही. त्याला फौजीची बांधी म्हणतात. मी लहानपणापासून ऐकतो. कोण्या काळी तिथे एका फौजीनं तंबू ठोकला होता म्हणतात. ठमा आजी बांधावर उभी राहून म्हणाली, "ह्या बांधीले फौजीची काऊन म्हनत असन रे बाबू?" मी तंबूचं सांगितलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग नाल्यात मला खेकडे दिसले. नऊ धरले. दीपिकानं झणझणीत रस्सा केला.

शोधाच्या बाबतीत आजचा दिवस वाया गेला.

२० डिसेंबर, शुक्रवार

पोंभुर्ण्याला जिनिंगमधल्या सोबत्याचं, निकेशचं, लग्न. एका दिवसासाठी गेलो, सहा दिवस झाले. निकेश म्हणतो, राहा, बांबूचं काम शिकवतो. मन होऊन राह्यलं होतं. पण सकाळी दीपिकाचा फोन आला : "आजी रोज इचारते, प्रफुल्ल आला का. पोस्टमनबद्दल इचारत नाई, तुह्याबद्दल इचारते." उद्या निघतो.

७ जानेवारी, मंगळवार

कागद आला. नानाजींचा जुना सोबती त्या दप्तरात आहे म्हणून एवढा लवकर आला. नानाजींनी लिफाफा न फोडता पुढे पाठवला. घरच्यांनीच आधी पाहावं म्हणे.

गोटूलासमोर, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरासमोर, उभा राहून मी मोठ्यानं वाचला. दहा-पंधरा माणसं जमली. नंबर तोच. नाव : झाडू. बापाचं नाव मंगरू. गाव खैरटोला. भरती जून १९४२.

झाडू. इसरू नाही.

एक जण हसला, मग सगळे. "अरे, सुकरीबुढीनं भावाचा फोटो नवरा म्हनून जपला!" कोणी म्हणालं, "पाय, फौजीची बांधी उगीच नाई म्हनत. झाडूच फौजी व्हता." मी हसलो नाही, कागदाची घडी करत राहिलो. आजी गोटूलाच्या पायरीवर बसली होती. दिसत नाही तिला, ऐकू सगळं येतं. ती एवढंच म्हणाली, "घरी चाल."

दोन महिने घालवून मी तिच्या बापाला होता त्याहून जास्त हरवला. नाहीतर निदान एक फोटो तरी होता तिच्याजवळ. आता तोही मामाचा झाला.

गावातले लोक मिरची तोडायला तेलंगणात निघालेत. उद्या गाडी आहे. जातो. इथे बसून आजीच्या तोंडाकडे पाहण्यापेक्षा बरं.

८ जानेवारी, बुधवार

गाडीला गेलो नाही. सगळं उलटं झालं. 

सकाळी बॅग भरत होतो. तो कागद दीपिकाच्या हाती लागला. ती बारावी पास आहे. म्हणाली, "दादा, मागचं पान वाचलं का?"

मागे पान होतं. मी वाचलंच नव्हतं. पहिल्या पानावर नाव पाहिलं आणि खचलो. माझी अख्खी दहावी अशीच गेली.

तिनं वाचलं. आजी तूर पाखडत होती. मागच्या पानावर बढती लिहिली होती, लान्स नाईक. मग ओळखीची खूण. दीपिका शब्द लावत लावत वाचत होती : "पाठीवर चार लांब समांतर व्रण. अस्वलाच्या नखांचे."

सूप थांबलं.

"पुन्हा वाच," आजी म्हणाली.

दीपिकानं पुन्हा वाचलं.

आजी म्हणाली, "माय सांगे. मोहा येचाले गेला व्हता, अस्वल आलं पाठीमांगून. माय तेल लावे तं तिचे चार बोटं त्या चार रेघात बसत." आजीनं आपला हात हवेत धरला, बोटं जरा वाकडी करून, जशी कोणाच्या पाठीवर ठेवली आहेत. असा हात मी कधी पाहिला नव्हता.

मला अजून कळलं नव्हतं. झाडूच्या पाठीवर इसरूचे व्रण कसे? मग दीपिकानं शेवटची ओळ वाचली. मृत्यू, जुलै १९४४, आसामकडे, फौजेच्या दवाखान्यात, तापानं. रस्त्याच्या कामावर असताना.

"झाडू चौवेचाळीसमंदी मेला?" दीपिका म्हणाली. "मंग लटारू आबाचा बाप कोन?"

मी डायरी काढली. ६ डिसेंबरचं पान. माझ्याच अक्षरात : पाठ अशी साफ, जशी नवी पाटी. आगगाडी कधी पाह्यली नाई. ठमा आजी लाडू देऊन देऊन मला सांगत होती आणि मी खेकडे धरत होतो.

दुपारी टेकडीवर रेंजमध्ये जाऊन नानाजींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "आता समजलं. त्या काळात जमीनदाराचा मानूस ये आन भरतीसाठी एका एका घरचा पोरगा धरे. मंगरूच्या एकुलत्या पोराचं नाव यादीत लिहिलं असन. त्यानं पोरगा घरी ठेवला आन लमसेना पाठवला. यादीत झाडू, तं झाडू म्हनूनच जा लागलं."

रेंज तुटत होती, मी आणखी वर चढलो. 

"दोन वर्षं, बाबू," ते म्हणाले. "रोज सकाळी हजेरी. दुसऱ्याच्या नावाले 'हाजिर' म्हनाचं. तापात पडला, मरून राह्यला, तरी आपलं नाव नाई सांगितलं कोनाले. सांगितलं असतं तं इकडं झाडूले पकडून नेलं असतं. मी लई फौजी पाह्यले. असा नाई पाह्यला."

टेकडीवरून उतरताना मी तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं, झाडू, हाजिर. तिसऱ्यांदा निघेना.

११ जानेवारी, शनिवार

आजी आता बोलते. ऐंशी वर्षं जी गोष्ट कोणाला सांगायची सोय नव्हती ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. ज्यांनी मंगळवारी हसून घेतलं ते येऊन बसतात. मेल्याचा कागद मंगरूच्या घरी आलाच असेल. मेलेल्या फौजीच्या बापाला सरकारनं जमीन दिली. फौजीची बांधी ती. त्यानंतर खरं सांगायची वाटच बंद झाली. जिवंत झाडू घरात आणि मेलेल्या झाडूची जमीन दारात.

मला रागाहून दुसरंच काही वाटून राह्यलं आहे. मी कुठलंच काम पुरं केलं नाही कधी. जिनिंग सोडली, मिरची सोडली, पडद्याची दोरी तुटली. आणि माझाच पणजोबा हा.

१६ जानेवारी, गुरुवार

खैरटोला. कागदाची झेरॉक्स घेऊन गेलो. आज लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

लटारू आबांनी कागद हातात धरला नाही. मी वाचून दाखवला. ते म्हणाले, सरकारची चूक. मी म्हणालो, अस्वलाचे व्रण पण सरकारची चूक का? ते म्हणाले, "बांधी पायजे तुले? सीधं सांग. बांधीसाठी आलास."

"नाई आबा. बांधी तुमची. आजीले फक्त एवढं पायजे की तुमच्या घरच्या मानसानं चार मानसात म्हनाव, वर्षं पुरी झाली."

"म्हंजे मी भरल्या गावात माझ्या आज्याले चोर म्हनू? बापाले भेकड म्हनू? ज्या बापानं मले खांद्यावर घेऊन हिंडवलं त्याले?"

 तिथेच गप बसायला पाहिजे होतं. पण मी म्हणालो, "ठमा आजीच तं म्हनल्या, झाडूआबाची पाठ साफ व्हती."

आबांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं.  ठमा आजी हातातलं काम ठेवून आत गेली. मग आबा मला म्हणाले, "ऊठ." मी उठलो.

दीपिकाला हे सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला. "दादा, तिचं नाव कशाले घेतलंस? तिले त्या घरात राहाचं हाय." खरं आहे. मला त्या वेळी फक्त जिंकायचं सुचलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

गायत्याकडे, म्हणजे आमच्या गावच्या पुजाऱ्याकडे, बैठक झाली. कागद सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला, वाचता येणाऱ्यांनी आणि न येणाऱ्यांनीही. गायता भला माणूस आहे. पण म्हणाला, "कागद सरकारचा हाय. मानूस मेला हे सरकार सांगू शकते. लमसेन्याची वर्षं पुरी झाली हे सरकार नाई सांगत, सासऱ्याचं घर सांगते. मंगरूच्या घरून कोनीतरी येऊन दगडाले पहिला हात लावला पायजे. त्याच्याबिगर मी दगड उभा नाई करू देनार."

आजी म्हणाली, "चार वर्षं बोलली व्हती. दोन मंगरूच्या वावरात केली. बेचाळीसच्या जूनपासून चौवेचाळीसच्या जुलैपर्यंत मंगरूच्या पोराच्या नावानं केली. मोज. एक महिना जास्तच केला माझ्या बापानं."

 गायत्यानं मान खाली घातली. पण रीत ती रीत. तारीख ठरली, माघी पुनवेचा दुसरा दिवस, तेरा तारीख. निरोप खैरटोल्याला गेला. निरोप्या परत येऊन म्हणाला, लटारू आबांनी ऐकून घेतलं आणि गुरं सोडायला निघून गेले. हेही म्हणाला की त्या घरात पंधरा-वीस दिवसांपासून नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

दगड आणला. नदीच्या घाटातून, दीड माणूस उंच. बारा जण खांद्याला बांबू लावून. मी मधल्या बांबूला होतो. एकदा घसरलो, गुडघा फुटला, बांबू सोडला नाही. वाटेत दोनदा एसटीवाल्यानं गाडी थांबवून वाट दिली.

दगड मोहाखाली त्या रिकाम्या जागेजवळ आडवा ठेवला आहे. आजीनं त्याच्यावर हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, जसं गाईला हात लावतात. म्हणाली, "उंच व्हता म्हने."

मी विचारलं, "आजी, खैरटोल्याहून कोनी आलं नाई तं?"

"तं आडवा राहीन. आडवा तरी आला नं जागेवर."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मोहाच्या झाडाखाली बसून लिहितो आहे. सकाळचे साडेदहा झाले असतील.

नानाजी कालच आले. सगळे बिल्ले लावून, इस्त्रीचा कोट घालून. इथल्या धुळीत त्यांचे काळे बूट तांबडे झालेत. आल्या आल्या ते आजीच्या पाया पडले. आजी म्हणाली, "उठा नं भाऊ, तुमी मोठे मानूस." ते म्हणाले, "बाई, तुमचे वडील लान्स नाईक असताना मी जलमलोबी नोहोतो." मग आडव्या दगडासमोर उभं राहून त्यांनी सलाम केला. सकाळपासून ढोल वाजवणाऱ्यांनी हात थांबवले. पोरं हसली नाहीत.

गायत्यानं तांदूळ मांडले आहेत. खड्डा तयार आहे. तो म्हणतो, ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबतो. त्याच्या नंतर मुहूर्त नाही. लोक खैरटोल्याच्या रस्त्याकडे पाहतात आणि दुसरीकडे पाहिल्यासारखं करतात. मी दोनदा वळणापर्यंत जाऊन आलो. आधी लाकडाचा एक ट्रॅक्टर गेला. मग एक फटफटी आली, तिच्यावर बँकेचा माणूस होता.

मला राहून राहून वाटते, त्या दिवशी मी ठमा आजीचं नाव घेतलं नसतं तर आबा कदाचित आले असते. आजीला हे सांगितलं. ती म्हणाली, "नाई आले असते. त्याले बी बाप हाय." तिच्या आवाजात राग नव्हता. मला तिच्यासारखं व्हायला दहा जन्म लागतील.

आता ऊन पानांतून सरळ खाली येऊ लागलं आहे. गायता उभा राहिला. बारा जण बांबू उचलून परत ठेवून राह्यले. कोणी आजीला म्हणालं, चाला बाई, घरी. आजी हलत नाही.

थांबा. दीपिका वळणावरून पळत येऊन राह्यली आहे. ओरडते काही. इथून नीट ऐकू येत नाही.

आता ऐकलं. लोक बाजूला होऊन वाट देऊन राह्यले. आजी काठी न घेता उठली.

"ठमा आजी आली! एकटी आली, पायी! मले म्हनते, मंगरूच्या घरची सून आली म्हनून सांग!"